महामंडळाची ऊब

एका जंगलात, बाळांनो, जमिनीच्याच पोटात ऊब होती. झऱ्याचं पाणी वाफाळत वर यायचं. काठची माती पांघरुणासारखी उबदार. घोरपडी पिढ्यान्‌पिढ्या तिथेच अंडी पुरायच्या.

मालन ही घोरपडींच्या घरातली नवी सून. बोलायची कमी, बघायची जास्त. ऐन थंडीत तिचे दिवस भरत आले.

सासूबाई म्हणाल्या, "अंडी काठावरच पूर हो. गार मातीत एक पिल्लू हाती लागायचं नाही."

मालन गेली, तर काठाला कुंपण. झऱ्यावर दगडी झाकण. झाकणावर गवा. तो नुकताच 'भूगर्भ ऊब महामंडळा'चा अध्यक्ष झाला होता.

"साहेब, अंडी पुरायचीत."

"इथे? अगं पोरी, ही राष्ट्रीय ऊब आहे. तुझ्या अंड्यांवर उधळायची?"

"मग कुणासाठी आहे?"

"सगळ्यांसाठी! म्हणून तर कुणालाच द्यायची नाही. आधी ज्वालामुखीचा अभ्यासदौरा. मग धोरण. मग बोअर मारू."

"भोक तर आहेच. तुम्ही त्याच्यावर बसलायत."

"ते नैसर्गिक गं. आपल्याला तांत्रिक हवं."

झाकणामुळे काठ गार पडला. महामंडळाची कचेरीही गारठली. अभ्यास करणाऱ्या माकडांचे दात वाजू लागले. तेव्हा महामंडळाने शेकोटी मंजूर केली. आधी वाळक्या काटक्या जळल्या, मग झाडं, मग अख्खी टेकडी. कचेरीमागे राखेचा डोंगर झाला.

"काय म्हणाले साहेब?" सासूबाईंनी विचारलं.

"धोरण आल्यावर या म्हणाले."

"अंडी थांबतायत होय!"

कचेरीत लाकूडटंचाईवर बैठक चालली होती, तेवढ्यात मालन मागे गेली. राख उकरली. आत ऊब होती. तिने अंडी पुरली आणि रोज लांबून बघत बसली. शेकोटी विझू नये, एवढंच मनात.

थंडी सरता सरता राखेतून पिल्लं बाहेर आली. करड्या रंगाची, शिंकत. गवा धावत आला. मालन पिल्लांच्या पुढे उभी राहिली.

"ही कशाने उबली?"

"महामंडळाच्या उबेने, साहेब."

गव्याचे डोळे भरून आले. "बघा रे, पहिला प्रकल्प यशस्वी!"

तिथल्या तिथे शेकोटी दुप्पट करायचा ठराव झाला. पिल्लांचा सत्कार ठरला. पण हाराला जंगलात एक फूल उरलं नव्हतं. मग राखेचाच टिळा लावला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मालननेही वाजवल्या, पिल्लं पोटाखाली घट्ट धरून.

तात्पर्य: जमिनीखालची ऊब फुकट मिळते म्हणून हुरळून जाऊ नये. वरचं जंगल जाळल्याशिवाय तिची किंमत कळत नाही.