मितेशने लिहिलेलं पारंपरिक गाणं

"स्वरचित म्हणजे स्वतः रचलेलं," प्राध्यापक गुरुदत्त सबनीस अर्ज समोर धरून म्हणाले. "हे आपल्याला ठाऊक असेलच."

"हो ना सर. मीच रचलंय."

"मग तीन महिन्यांपूर्वी मानपाड्याला आमच्या शेजाऱ्यांकडच्या हळदीत मी हेच गाणं कसं ऐकलं? तिथे चांगली दोनशे माणसं ते पाठ म्हणत होती."

आता इथे मितेशने गोंधळायला हवं होतं. पण त्याच्या तोंडावर हसू फुटलं आणि तिथेच त्याचं चुकलं. सबनीस सरांना वाटलं, पोरगा पकडला गेला म्हणून ओशाळलाय.

सबनीस सर म्हणजे डोंबिवलीच्या नादवेल मंडळाच्या संगीत महोत्सवाचे परीक्षक. आयुष्यभर लोकसाहित्य शिकवून निवृत्त झालेले, बोलण्यात साखर आणि नजरेत लाल शाई. आणि मितेश हा कोपरीच्या कोळी कुटुंबातला सव्वीस वर्षांचा मुलगा. चांगली नोकरी सोडून तो स्वतंत्र संगीतकार झाला होता. स्वतंत्र म्हणजे स्वतःच लिहायचं, स्वतःच चाल लावायची, स्वतःच रेकॉर्ड करून नेटवर टाकायचं आणि बहुतेक वेळा स्वतःच ऐकायचं. 'थांब गं खाडी' हे त्याचं गाणं नेटवर एकशे बारा वेळा ऐकलं गेलं होतं, त्यातलं निम्मं श्रेय त्याच्या स्वतःच्या इअरफोनला होतं.

त्याच्या वडिलांनी, दामाजींनी, त्याला एक वर्ष दिलेलं. पालिकेच्या पाणी खात्यात जन्म गेलेला माणूस, त्यांचा हिशेब सरळ. "वर्षात तू लिहिलेलं एक तरी गाणं लोकांच्या तोंडात आलं पाहिजे. आलं तर मी तुला पुन्हा नोकरीचं नाव काढणार नाही. नाही आलं तर एक तारखेपासून एमआयडीसीतल्या त्या कंपनीत डिस्पॅचला बसायचं. मी शब्द टाकून ठेवलाय."

एक तारखेला आता बारा दिवस होते. आणि गाणं तर मानपाड्यापर्यंत लोकांच्या तोंडात गेलं होतं. फक्त ते मितेशचं आहे हे त्या तोंडांना माहीत नव्हतं.

"सर, मी ते माझ्या चुलतबहिणीच्या हळदीला गायलेलो," मितेशने समजावलं. "मेघालीच्या. तिथे दगडू मास्टरची बेंजो पार्टी होती. त्यांनी ते उचललं असणार. मग ते प्रत्येक हळदीला वाजवत सुटले."

"शक्य आहे," सर म्हणाले. ते 'शक्य आहे' असं म्हणाले, की त्यांना ते अशक्य वाटत असतं. "आपण असं करा. आपल्या समाजातल्या एखाद्या जाणत्या व्यक्तीकडून लिहून आणा, की हे गाणं पारंपरिक नाही. मग मी आनंदाने स्वरचित विभागात घेतो."

मितेश उड्या मारतच घरी आला. कारण समाजातली सगळ्यात जाणती व्यक्ती त्याच्याच घरी राहत होती.

मनुबाई ही दामाजींची आत्या. वय ऐंशीच्या पुढे कुठेतरी. लग्नात धवले गाणारी, म्हणजे लग्नविधीची गाणी जिच्या तोंडून आल्याशिवाय कोपरीत हळद लागत नाही अशी बाई. तिला न येणारं गाणं हळदीत निघालं, असं आजवर झालेलं नव्हतं. मितेश आला तेव्हा ती कोळंबी सोलत बसली होती.

"मनुआजी, 'थांब गं खाडी' कुणाचं गाणं?"

"आपलं."

"आपलं म्हणजे कुणाचं?"

"आपल्या सगल्यांचं. माजी सासू गायची."

मितेश मटकन खाली बसला. "अगं, मी लिहिलंय ते. मेघालीच्या हळदीला पहिल्यांदा गायलो. तू समोर बसलेलीस."

"व्हती ना. मीच पयली टाली दिली. पोरगा जुनं गातोय म्हनून बरं वाटलं."

"जुनं नाही गं. त्यात कोपरीचा नवा पूल आहे. 'नव्या पुलावरनं गाडी माझी जाईल.' तुझ्या सासूच्या वेळी तो पूल होता का?"

मनुबाईने एक कोळंबी सोलून ताटलीत टाकली आणि शांतपणे विचार केला. "ते कडवं कुनीतरी मागनं घुसवलंय. मी ते गात नाय. त्याच्यापेक्षा तिसरं गाते."

"तिसरं? तिसरं कडवं नाहीच आहे."

"तुला ठाव नसंल," असं म्हणून तिने तिथल्या तिथे गायला सुरुवात केली.

*भरतीच्या पाण्यावरती आयेची हाक येऊ दे,*
*थांब गं खाडी जराशी, हळद माझी सुकू दे.*

मितेशच्या अंगावर काटा आला. कडवं त्याने लिहिलेलं नव्हतं, आणि त्याच्या दोन्ही कडव्यांपेक्षा ते चांगलं होतं. ते पटकन लिहून घ्यावं असा मोह त्याला झाला, आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

"हे कधीचं?" त्याने विचारलं.

"पयल्यापास्नं हाय," मनुबाई म्हणाली आणि पुढची कोळंबी उचलली.

इतक्यात बाथरूमच्या आरशासमोर दाढी करणारे दामाजी 'थांब गं खाडी' गुणगुणायला लागले. आता गंमत बघा, ज्यांना गाणं लोकांच्या तोंडात पाहिजे होतं त्यांच्याच तोंडात ते होतं.

"बाबा, तुम्ही हे जे म्हणताय ना, ते माझं गाणं आहे."

दामाजींनी गालावरचा रेझर थांबवला. "मितेश, नोकरी टाळायला माणसाने किती खोटं बोलावं? अरे, हे मी लहानपणी ऐकलंय."

"कुठे ऐकलंय?"

"आता कुठे ते आठवत नाही. पण ऐकलंय."

मितेश दगडू मास्टरकडे गेला. दगडूला सगळं लख्ख आठवत होतं. मेघालीच्या हळदीत त्यानेच मितेशला बाजूला घेऊन चाल दोनदा म्हणायला लावलेली. साक्षीदार मिळाला म्हणून मितेशचा जीव भांड्यात पडला.

"मग दोन ओळी लिहून दे ना मास्टर."

"भावा, तेवढं सोड," दगडू म्हणाला. "मी बोलावणाऱ्या सगळ्या पार्ट्यांना सांगितलंय, हे शंभर वर्षांचं गाणं आहे, आमच्याशिवाय कुणाकडे नाही. आता लिहून देऊ का, की मागच्या वर्षीचं आहे आणि कोपरीच्या मितेशचं आहे? लोक काय बोलतील? म्हणतील, दगडू चिंधी माल विकतो."

"चिंधी?"

"तसं नाही रे. गाणं कडक आहे. तू नवीन आहेस, हाच प्रॉब्लेम आहे."

शेवटी मितेशला त्याचा जुना फोन आठवला. त्यात गाणं सुचलं त्या दिवसाचं रेकॉर्डिंग होतं, तारखेसकट. दुसऱ्याच दिवशी तो डोंबिवलीला सबनीस सरांच्या घरी हजर झाला. सरांनी चष्मा पुसला, कान पुढे केला. फोनमधून गिटार आली, मग मितेशचा चाचपडणारा आवाज आला, "थांब गं खाडी... थांब..." आणि मागून स्वच्छ, खणखणीत आवाजात मनुबाई म्हणाली, "सूर खाली घे रं. आनि 'जराशी' म्हन."

सरांचा चेहरा उजळला. "वा. हे तर फार मोलाचं आहे. त्या आपल्याला गाणं शिकवतायत."

"नाही सर, ती आमची मनुआजी, स्वयंपाकघरातून ओरडतेय. तिला सवय आहे."

"मौखिक परंपरा अशीच चालते, मितेश. स्वयंपाकघरातूनच." सरांनी प्रेमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "यात लाजण्यासारखं काही नाही. एवढा ठेवा आपल्या घरात आहे. आणि ते पुलाचं कडवं प्रक्षिप्त आहे, म्हणजे मागाहून घातलेलं, हेही मी तेव्हाच ओळखलं होतं. आपण घातलंत का?"

"मीच घातलं," मितेश म्हणाला. नाहीतर काय म्हणणार?

"आता कसं प्रामाणिक बोललात," सर खूश होऊन म्हणाले आणि त्यांनी अर्जावरचं 'स्वरचित' खोडून 'पारंपरिक' लिहिलं.

घरी येताना मितेशचं डोकं पार फिरलं होतं. गाणं सुचलं ती दुपार त्याला आठवत होती. वीज गेलेली, बाल्कनीत वाळत घातलेली चादर, मांडीवर गिटार. पण 'जराशी' हा शब्द तर मनुबाईनेच दिलेला निघाला. मग चाल? ती खरंच आपल्याला सुचली, की झोळीत असताना कानावर पडलेली? दोन दिवस त्याने ह्यावर विचार केला आणि तिसऱ्या दिवशी त्याला चक्क आठवायला लागलं, की हे गाणं आपण लहानपणी ऐकलंय. कुठे ते मात्र आठवत नव्हतं.

महोत्सवाचं पत्रक आलं. 'गायक : मितेश दामाजी कोळी. गीत आणि चाल : पारंपरिक.' दामाजींनी ते डोळ्यांजवळ नेऊन वाचलं.

"बरोबर छापलंय. उगाच तुझं नाव घातलं असतं तर मला समाजात मान खाली घालावी लागली असती. एक तारखेला साडेआठला हजर व्हायचंय, लक्षात ठेव."

मितेशने पत्रकाची घडी करून खिशात ठेवली.

महोत्सवाच्या संध्याकाळी डोंबिवलीचं सभागृह खच्चून भरलं होतं. दामाजी आणि मनुबाई पहिल्या रांगेत बसले होते आणि बेंजो घेऊन दगडू साथीला होता. मितेश मनापासून गायला, पुलाच्या कडव्यासकट गायला. टाळ्याही बऱ्या पडल्या. मग सबनीस सर माइकपाशी आले.

"गायकाचा आवाज उत्तम आहे. परंतु तरुणांनी मूळ गाण्याशी इतकी मोकळीक घेऊ नये, असं नम्रपणे सुचवतो. तिसरं कडवं गाळलं, आणि दुसरं तर मूळचं नाहीच. सुदैवाने ज्यांच्याकडून हे गाणं आलं आणि ज्यांनी मघाशीच मला ते तिसरं कडवं ऐकवलं, त्या मनुबाई इथे उपस्थित आहेत. मी त्यांना विनंती करतो."

मनुबाई पदर खोचून उठली. माइक तिने बाजूला सारला, तिला त्याची गरज नव्हती. तिने पहिली ओळ उचलली आणि दुसऱ्या ओळीला सगळं सभागृह तिच्यामागे गायला लागलं. बायका, पोरं, दारातला वॉचमन, सगळेच. तिसऱ्या कडव्याला पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळे पुसले. मितेश विंगेत उभा होता. आपण बाल्कनीत बसून जुळवलेली ओळ सहाशे माणसं म्हणतायत, हे ऐकून त्याला भडभडून आलं. इतका आनंद त्याला कधी झाला नव्हता, आणि तो सांगायलाही कुणी नव्हतं.

पारंपरिक विभागात मनुबाईला पहिलं बक्षीस मिळालं. मितेशला उत्तेजनार्थ, मूळ चालीचा अभ्यास वाढवावा अशा शेऱ्यासह.

कार्यक्रम संपल्यावर विंगेमागच्या बाकावर मनुबाई शाल आणि नारळ मांडीवर घेऊन बसली होती. मितेश तिच्या पायाशी बसला.

"मनुआजी, आता तरी खरं सांग. तुझी सासू हे गाणं गायची?"

"माजी सासू?" मनुबाईने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "तिला बोलायचीच फुरसत नव्हती, गाईल कवा? गानं तुजंच हाय. तिसरं कडवं माजं, तेवढं सोडून."

"मग सगळ्यांना सासूचं का सांगितलंस?"

"अरे, मेघालीच्या हलदीला तू उभा राह्यलास आनि बोललास, आता माझं नवीन गानं. आर्ध्या बायका पानी प्यायला उठल्या. मी बोलली, बसा गो, जुनं हाय, माज्या सासूचं हाय. सगल्या बसल्या. बसल्या म्हनून आयकलं, आयकलं म्हनून गायलं. तुज्या भल्यासाठीच बोलली मी."

मितेश तिच्याकडे बघतच राहिला. वर्षभर ज्याच्या मागे तो धावला, ते एका वाक्यात हिने करून दिलं होतं, आणि त्याच वाक्यात त्याचं नावही पुसून टाकलं होतं. हिच्यावर रागवावं की हिच्या पाया पडावं हे त्याला कळेना. शेवटी तो पाया पडला, कारण तो पायाशीच बसला होता.

तेवढ्यात दामाजी त्यांना शोधत आले आणि त्यांच्या मागोमाग घाईघाईत दगडू आला. दामाजी तिथे आहेत हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"मितेश, अर्जंट काम आहे. टिटवाळ्याची मोठी पार्टी आहे, पुढच्या महिन्यात हळद. त्यांना 'थांब गं खाडी' नको, म्हणतात ते आता सगळीकडे वाजतं. त्यांना दुसरं जुनं गाणं पाहिजे, अजून कुणी न ऐकलेलं. सोमवारपर्यंत लिहून देशील? खडवलीच्या लोकांचंही एक आहे, पण त्यांचं नंतर दिलंस तरी चालेल."

"जुनं गाणं," दामाजी सावकाश म्हणाले, "लिहून देशील?"

दगडूने जीभ चावली. दामाजींनी दगडूकडे पाहिलं, मग आत्याकडे. आत्या शालीचे काठ तपासत होती. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"म्हणजे मी लहानपणी ऐकलेलं ते..."

"बाबा, तुमच्या लहानपणी मी नव्हतो."

दामाजी बाकाच्या कडेवर टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग शंका आली, मग काहीच आलं नाही, कारण पाणी खात्यात अशा प्रकरणाला रकानाच नव्हता. मग खिशातून फोन काढून त्यांनी एमआयडीसीतल्या त्या साहेबांना सांगितलं, की मुलाला एक तारखेपासून यायला जमणार नाही, त्याच्या हातात कामं आहेत. कसली कामं, ते त्यांनी सांगितलं नाही.

फोन ठेवून त्यांनी घसा खाकरला आणि दगडूकडे वळले.

"त्या टिटवाळ्याच्या लोकांना नीट विचारून घेतलंस का?" ते म्हणाले. "किती जुनं पाहिजे?"