खाली मान घालून लिहिलेला निरोप

शेंदूरजनाघाटच्या संत्रावाल्यांत दुर्गाबाईंएवढी ताठ मान दुसरी नव्हती. कॉम्प्युटरपुढं मात्र ती खाली जायची. शिक्षण चौथी! कीबोर्डावरचं एकेक अक्षर तांदळातल्या खड्यासारखं वेचावं लागे.

पोरगा गजेंद्र अमरावतीहून फोनवर बजावायचा, "आई, नवा निरोप आला का त्याची चौकट उडी मारून समोर येते. मंग तू लिहिशील ते तिच्यातच जाते. पडद्याकडं पाहत जाय."

"मले नोको शिकवू. तुले चालणं मीनंच शिकवलं."

त्या दिवशी घर फारच सुनं होतं. बाईंनी गजेंद्रची चौकट उघडली, मान खाली घातली आणि लिहिलं, 'रविवारी ये. घर खायाले धावते. पाटोडीचा रस्सा करतो.' तोंडानं हे त्यांना जन्मात म्हणवलं नसतं. पाठवायचं बटण दाबलं.

मान वर करतात तर समोर व्यापारी महादेवरावांची चौकट! 'रविवारी माल पाहाले येऊ काय?'

यंदा बागेला मातीचा भाव सांगणारा हाच तो बाबा. बाईंचं डोकं असं तापलं की त्याच्या प्रश्नाखाली पडलेली आपलीच ओळ त्यांना दिसली नाही. पुन्हा मान खाली. 'तुमी येऊ नोका. तुमचं थोबाड पाहाची हौस नाही.'

त्या लिहीत असतानाच गजेंद्रची चौकट टुणकन समोर आली. 'आई, रविवारी आमी तिघं येऊ काय?'

उत्तर तिच्यात गेलं. बाईंनी न बघता कॉम्प्युटर बंद केला.

रविवारी बेसनाच्या पाटोड्या रश्श्यात पडल्या आणि दारात गाडी थांबली. महादेवराव! सोबत बायको पार्बताबाई, डोळे पुसत.

"बाई, तुमचा निरोप वाचून हिले रडूच आलं. म्हटलं, भाव गेला चुलीत, आधी जेवाले जाऊ."

त्यांनी मोबाइल पुढं धरला. बाईंनी वाचलं. आत जाऊन गजेंद्रला फोन लावला.

"कुठी आहेस रे?"

"अकोल्याले, सासुरवाडीत. तूच तं लिहिलं, थोबाड पाहाची हौस नाही."

चूक झाली, एवढंच म्हणायचं होतं. ओठावर आलं ते वेगळंच. "बरं केलं. माह्याकडं बी पाहुणे आहेत."

पाहुणे पोटभर जेवले. निघताना महादेवराव म्हणाले, "एकटं नोका वाटून घेऊ. पुढच्या रविवारी बी येतो."

आयुष्यात पहिल्यांदा दुर्गाबाईंना कोणाला नाही म्हणता आलं नाही.