देवघेव खिडकीवरची कोपरे

वाचनालयाच्या देवघेव खिडकीवर बसणाऱ्या ताईंच्या दोन्ही कोपरांवर लाल चट्टे होते आणि त्यांवर चंदेरी खपल्या. एका सभासदाने पुस्तक रुमालात गुंडाळून नेले, तेव्हा कार्यकारिणीला या बाबीची गंभीर दखल घेणे भाग पडले.

अज्ञान दूर व्हावे म्हणून त्वचारोगतज्ज्ञ बाईंचे व्याख्यान ठेवण्यात आले. त्यांनी सोरायसिसचे प्रकार पडद्यावर दाखवले. कोपर-गुडघ्यांवरचे जाड चट्टे. घसा दुखून गेल्यावर अंगभर उमटणारे थेंबाएवढे ठिपके. काखेत खपलीविना लाल, गुळगुळीत झालेली कातडी. पुवाचे फोड, ज्यांत जंतू नसतात. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे. "आणि यातलं काहीही स्पर्शानं पसरत नाही," असे त्यांनी निक्षून सांगितले. या वाक्याला टाळ्या पडल्या. लक्षात चित्रे राहिली.

दुसऱ्या दिवसापासून सभासद एकमेकांची कातडी वाचू लागले. खजिनदारांच्या कोंड्यावर दोन तट पडले. मासिके चाळणाऱ्या आजोबांना सदऱ्याची बटणे सोडून घामोळे सिद्ध करावे लागले.

"ताई, राग मानू नका हं," एक काकू खिडकीशी म्हणाल्या. "पसरत नाही हे मला तोंडपाठ आहे. तरी पुस्तक तिथंच ठेवा, मी उचलते."

"मग पाठ करून काय मिळवलंत, काकू?"

"अहो, डोक्याला पटतं. हाताला पटत नाही."

कार्यकारिणीने ताईंना बोलावले. "तुमच्याच सोयीसाठी आतल्या खोलीत काम देतोय," अध्यक्ष म्हणाले.

"माझी सोय खिडकीवरच आहे, साहेब. कुणाला काय वाचायला आवडेल हे मी चेहरा बघून सांगते. आत कपाटांशी बोलू का? आणि तुमच्या नखांवरचे खड्डेसुद्धा पडद्यावर होते की!"

अध्यक्षांनी हात टेबलाखाली घेतले. अध्यक्षांची नखे सभासदांच्या थेट संपर्कात येत नसल्याने प्रश्न उद्भवत नाही, असा खुलासा चिटणीसांनी तत्परतेने केला. ताईंना आत हलवण्याचा ठराव, त्या दिवसापुरते हात वर न करता, आवाजी मतदानाने संमत झाला.

पूर्वी ताईंचा हात फक्त मागितलेल्या पुस्तकाला लागे. आता वाचनालयातले प्रत्येक पुस्तक आतल्या खोलीत त्यांच्यासमोर येते. त्या ते पुसतात, सुटलेली पाने चिकटवतात, कव्हर घालतात. खिडकीवर नितळ कोपरांचा एक तरुण बसतो. काय वाचावे असे विचारल्यास तो कपाटाकडे बोट दाखवतो. तक्रार एकही नाही. "हल्ली पुस्तकं कशी स्वच्छ मिळतात!" असे काकू सर्वांना सांगतात.

हे पुस्तकही त्याच खोलीतून आले आहे. या ओळीपर्यंत तुम्ही ते निर्धास्त धरले होते.