मॅडम मीटिंगमधी हायेत

शेजारी विरजण मागायला गेले तर मला आधी चिठ्ठी द्यावी लागते. चिठ्ठीवर नाव, आडनाव आणि कामाचं स्वरूप. पहिल्यांदा मी हसून सरळ आत शिरायला लागले, तेव्हा डोमाजीभाऊ दारात आडवे झाले. "मॅडम मीटिंगमधी हायेत." मग मी लिहिलं : विरजण, एक चमचा. दहा मिनिटांनी चिठ्ठी परत आली. तिच्यावर शेरा होता, 'दीडनंतर भेटावे.'

सावली गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. मॅडम म्हणजे डोमाजीभाऊंची सून वनिता. ती हैदराबादच्या एका कंपनीसाठी घरी बसून संगणकावर दवाखान्यांचे कागद तपासते. नवरा खुशाल भामरागडच्या बाजूला ट्रक चालवतो. पावसाळ्यात रस्ता तुटला की आठ-आठ दिवस तिकडेच. डोमाजीभाऊ जंगल खात्याच्या कचेरीतून शिपाई म्हणून निवृत्त झाले. त्यानंतर वर्षभरात त्यांची बायको गेली.

घरातलं हे ऑफिस दोन वर्षांपूर्वी उघडलं. त्याच्या आधी वनिताला कंपनीची तंबी आली होती. मीटिंग चालू असताना सारखी उठून जातेस, पुन्हा दिसलं तर नागपूरच्या ऑफिसात येऊन बस. नागपूरला जायचं तर म्हाताऱ्याला एकटं टाकायचं. ते ती करणार नव्हती, म्हणजे नोकरीच सोडायची. हे तिनं मला नळावर सांगितलं. सारखी का उठतेस, हे विचारायचं मला सुचलं नाही. माझी बादली भरली होती.

पुढच्या सोमवारी डोमाजीभाऊंनी जुना खाकी सदरा इस्त्री करून घातला, मधल्या खोलीच्या दाराशी स्टूल मांडलं आणि अंगणातल्या कडुनिंबाखाली भेटणाऱ्यांसाठी बाकडं टाकलं. दहा ते सहा.

मी शाळेत मुख्य लिपिक आहे. रोज खऱ्या ऑफिसात जाते. तिथं टेबलावर वटाणे सोलले जातात, लग्नं जुळवली जातात, आणि आमचा शिपाई तिसऱ्या हाकेला येतो. शिस्त पाहायची तर डोमाजीभाऊंच्या घरात. वनिताचा सख्खा भाऊ वडश्याहून लग्नाची पत्रिका घेऊन आला, त्याला त्यांनी पाणी दिलं, चहा दिला आणि पाऊण तास बाकड्यावर बसवलं. तो तापला. डोमाजीभाऊ म्हणाले, नातेवाईकांची वेळ सहानंतर. हिवाळ्यात नाटकांची जाहिरात करत भोंगा लावलेली रिक्षा फिरते, ती त्यांनी गल्लीच्या तोंडाशी अडवली. आता ती आमच्या गल्लीतून मुक्यानं जाते. आज कोणतं नाटक आहे, ते डोमाजीभाऊच घरोघरी हळू आवाजात सांगून येतात.

पुतण्याच्या साक्षगंधाला जायचं होतं तेव्हा त्यांनी सुनेकडे किरकोळ रजेचा अर्ज टाकला. तो मंजूर होईपर्यंत दुसरा सदरा घातला नाही.

या सगळ्याची माझ्या मनात तीन कारणं होती. रिकामपण, मिरवण्याची हौस, आणि डोक्याचा एखादा स्क्रू. तिसऱ्यापुढे मी बरोबरची खूण केली होती.

परवा शुक्रवारी बचत गटाच्या रजिस्टरवर सही घ्यायला गेले आणि नियमाप्रमाणे बाकड्यावर बसले. शेजारी मूल गावाहून आलेली त्यांची थोरली बहीण गिरजाबाई होती. दार अर्धं उघडं होतं. आत वनिता खुर्चीत बसून कानाला लावलेल्या तारेत बोलत होती, डोक्यावर पदर नाही. बाजूला डोमाजीभाऊ पाण्याचा ग्लास घेऊन ताठ उभे. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर खुर्चीवर बसत नाही. तो दिसला की उठते, पदर घेते आणि बाजूला होते. दोघांचं बोलणंही नसल्यासारखंच.

डोमाजीभाऊ बाहेर आले तेव्हा गिरजाबाई म्हणाली, "डोम्या, सून खुर्चीवर अन् तू उभा? लाज नाई वाटत तुले?"

मी रजिस्टर उघडून उगाच पानं पाहू लागले.

डोमाजीभाऊंनी दार हळूच ओढून घेतलं. "बाई, मी घरात पाणी प्याले उठलो का सून उठे. खोकललो का उठे. मीटिंग चालू राहे तरी उठे. बस म्हनलं तर बसे नाई. मी कुठी जाऊ? घर तं एवढंच हाये."



"हापिसात साहेब बसूनच राह्यते अन् शिपाई उभाच राह्यते," ते म्हणाले. "त्याले कोनी हासत नाई."

मी मनातली बरोबरची खूण खोडली.

सहा वाजता ऑफिस सुटलं. वनिता डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली, रजिस्टरवर सही केली आणि सूप घेऊन ओसरीत खाली बसली. तोवर आतून दोघांचे आवाज येत होते. लाइन गेली, रेंज आली, हैदराबादच्या साहेबांचा खोकला आज बरा आहे, चहात आलं टाकू काय. आता डोमाजीभाऊ खाकी सदरा काढून, तिच्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंडानं बसले. ती गिरजाबाईशी बोलत होती. त्यांच्याशी कुणीच नाही.

मी निघाले तशी त्यांनी फाटकाशी मला विचारलं, तुमची शाळा शनिवारी चालू असते ना. अर्धा दिवस, मी म्हणाले. त्यांच्या ऑफिसला शनिवार-रविवार दोन्ही सुट्ट्या.

"अर्धा दिवस आपलंबी हापिस चालू राह्यलं पायजे," ते म्हणाले.

मग सांगा की तिला, मी म्हटलं. ती दहा हातांवर तांदूळ पाखडत होती.

त्यांनी मान वळवली नाही. "आता कसं बोलू? सोमवारी इचारतो."