भाऊजींच्या तोंडातलं पाणी

आमचे भाऊजी बास्केटबॉलच्या मॅचला तोंडात पाणी धरून उभे राहतात. गाल फुगलेले, डोळे वटारलेले. बायका मला विचारतात, "आंटी, कोच साहब की दाढ़ दुखती है क्या?"

दाढ कसली, जीभ दुखते त्यांची. ऑफिस सुटलं की थेट ग्राउंडवर, इथल्या, दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या पोरींना फुकट शिकवतात. लग्न केलं नाही. घरात आम्ही दोघंच, मी आणि हे माझे धाकटे दीर.

पूर्वी रेफरीनं शिट्टी मारली की ह्यांचा भोंगा सुरू. एकदा तर स्वतःचा चष्मा काढून रेफरीच्या हातात दिला. "लो जी, आपको ज़्यादा ज़रूरत है!" त्यानं ह्यांना बाहेर काढलं, वर समोरच्या टीमला एक बॉल फुकट टाकायला दिला. त्या एका पॉइंटनं पोरी हरल्या. चष्म्याशिवाय ह्यांना गेट दिसेना, तर पोरींनीच हात धरून बाहेर आणलं. मोठी पोरगी म्हणाली, "सर, हम नहीं हारे. आप हारे."

त्या दिवशी जेवले नाहीत. तेव्हापासून हे पाणी. राग आला की घोट घ्यायचा, राग गेला की गिळायचा.

"वहिनी, मोठी बाटली द्या. आज फायनल आहे," परवा म्हणाले.

फायनलला रेफरी एक नवीच पोरगी. शेवटी शेवटी आमच्या पोरीनं बॉल आत टाकला, सगळे नाचायला लागले आणि हिची शिट्टी. बास्केट कॅन्सल. पोरींचे आईबाप तिच्यावर ओरडायला लागले. भाऊजी गाल फुगवून तिच्याकडे निघाले. म्हटलं, झालं, आज हिची काही खैर नाही.

जवळ जाऊन पाणी गिळलं. "मैडम, ज़रा समझा दीजिए."

"सर, पैर बाहर की लाइन पर था."

"अच्छा. मुझे दिखा नहीं." मग वळून आईबापांना हातानंच खाली बसवलं. हरलो आम्ही.

घरी मी विचारलं, "राग नाही आला?"

"आला ना. पण तिचे हात थरथरत होते, वहिनी. तुमच्यासारखे."

"माझे कधी थरथरले?"

"पहिल्या दिवशी. ऑफिसात."

नवरा गेल्यावर त्यांच्या जागी मला शिपायाची नोकरी लागली. मी चौथी शिकलेली. पहिल्याच दिवशी फाइल भलत्याच खोलीत दिली. साहेब सगळ्यांसमोर ओरडला. ऐकून घेतलं. पोट भरायचं होतं ना. आजवर कुणाला सांगितलं नाही.

"तुमचा डबा घरी राहिला होता," भाऊजी म्हणाले. "द्यायला आलो होतो. दारात उभा होतो."

डबा त्या दिवशी माझ्या स्टुलावर मिळाला होता. मला वाटलेलं, वॉचमननं आणून ठेवला.

मी त्यांची बाटली उचलली, एक घोट तोंडात घेतला आणि तसाच धरून बसले.