टोणपेकाकांची अमेरिकन बजावणी

बेल वाजली म्हणून मी दार उघडलं. समोर टोणपेकाका. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात तीन घड्या घातलेला कागद.

"नीताताई आहेत?"

"नाही, बाजारात गेलीय."

टोणपेंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, माझ्या खांद्यावरून आत डोकावून विचारलं, "मग घरात राहणारं, योग्य वयाचं आणि समजूतदार असं दुसरं कोणी?"

मी बावन्न वर्षांचा आहे. इथेच हडपसरला एका पंपाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. हाताखाली चार माणसं आहेत, आणि ती निदान तोंडावर तरी मला समजूतदार मानतात.

"मी आहे ना," मी म्हणालो.

"वय दिसतंय," टोणपे म्हणाले. "पुढच्या अटीचं विचारतोय."

आत दुसरं कोणीच नव्हतं. टोणपेंनी डोळे मिटून काहीतरी आठवलं. "असो. समजूतदारपणाची व्याख्या नियमात दिलेली नाही. घ्या." कागद माझ्या हातात पडला. "बजावणी झाली!" त्यांनी घड्याळ पाहिलं, वहीत वेळ टिपली आणि समोरच्या आपल्या दारात ते दिसेनासे झाले.

कागदावर 'प्रतिवादी: नीता शेवाळे' असं होतं, म्हणजे माझी बायको. जिन्यातल्या कुंड्यांचं पाणी वादीच्या उंबऱ्याशी येतं, सबब खुलासा करावा. मुदत एकवीस दिवस. न केल्यास प्रतिवादीच्या गैरहजेरीत निकाल.

सोसायटीत नवीन आलेल्या माणसाला वाटतं, म्हाताऱ्याचा स्क्रू ढिला आहे. तसं नाही. उलट तो फार घट्ट बसलेला आहे. टोणपे चौतीस वर्षं दिवाणी कोर्टात बेलिफ होते. कोर्टाचं समन्स ज्याच्या त्याच्या हातात नेऊन द्यायचं, हे त्यांचं काम. माणूस दाद देईना किंवा सापडेना, तर दोन पंच गोळा करायचे आणि कागद दाराला खळ लावून चिकटवायचा. पुण्यात कोण संडासात लपतं, कोण बायकोला 'ते गावाला गेलेत' म्हणायला लावतं, कोण बेलिफाला चहा पाजून मग 'तो मी नव्हेच' म्हणतो, हे सगळं त्यांना पेठवार पाठ. येरवड्याच्या एका गृहस्थाने त्यांच्यावर कुत्रा सोडला होता. टोणपेंनी अहवालात लिहिलं : 'प्रतिवादी घरी आहेत असे कुत्र्यावरून दिसते.'

अशी माणसं निवृत्त झाली की साखर तपासतात, हास्यक्लबात जातात. टोणपे अडुसष्टाव्या वर्षी अमेरिकेच्या कोर्टांमधल्या दिवाणी कामकाजाचे नियम पाठ करत होते.

पुस्तकासाठी ते आधी अप्पा बळवंत चौकात गेले. दुकानदाराने मान वर न करता सांगितलं, "अमेरिकेचं पुस्तक ना? मग अमेरिकेत विचारा." शेवटी आमच्या नीताने नियम इंटरनेटवरून उतरवून दिले. टोणपेंनी छापून, स्पायरल करून, खाकी कव्हर घालून वर लेबल चिकटवलं. नाव : भा. मु. टोणपे. विषय : अमेरिका.

पहिलाच नियम वाचून ते माझ्याकडे आले. चष्मा कपाळावर. "शेवाळे, काय लिहिलंय बघा. खटल्याचा निकाल न्याय्य, लवकर आणि स्वस्तात लागावा. तिन्ही एकदम! अहो, मंडईत वांगीसुद्धा ताजी, स्वस्त आणि बिनकिडकी एकदम मिळत नाहीत."

तरी पहिल्या नियमावर त्यांचा लोभ जडला. चौथ्याने मात्र घात केला. त्या संध्याकाळी टोणपे जेवले नाहीत. चौथ्या नियमात असं आहे की, समन्स बजावायला बेलिफच लागतो असं नाही. जो त्या खटल्यात पक्षकार नाही आणि अठरा वर्षांचा झालेला आहे, असा कोणीही बजावू शकतो.

"कोणीही!" टोणपे जिन्यात उभे राहून म्हणाले. "म्हणजे पिझ्झावाला! अहो, आमच्यावर कुत्री सोडली लोकांनी, ती काय उगाच?"

दोन दिवसांनी राग निवळला आणि अभ्यास पुढे सरकला. त्यांची पद्धत अशी, की वाचलेलं वापरून बघायचं. "पाठ केलेलं विसरतं. वापरलेलं अंगात राहतं," हे त्यांचं पालुपद. आणि वापरायला आम्ही सगळे होतोच. लिफ्टचं दार कोण उघडं टाकतं या प्रश्नावर त्यांनी आमचा वॉचमन गजानन याची जबानी घेतली. तिकडे म्हणे खटल्याआधीच समोरच्या साक्षीदाराला बसवून शपथेवर विचारून घेता येतं, वरती सात तासांची मर्यादा. गजानन वर्ध्याकडचा, मुळात भिडस्त. त्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून टोणपेंनी सुरुवात केली.

"स्मरणशक्तीवर परिणाम होईल असं काही औषध आज घेतलंय का?"

"नाही जी. सकाळी तंबाखूचा खर्रा खाल्ला फक्त."

"लिहून घेतो. लिफ्टचं दार कोण उघडं टाकतं?"

गजानन जमिनीकडे बघायला लागला. मग म्हणाला, "सांगू काय साहेब? तुमीच टाकता जी. हातात पुस्तक राहते ना तुमच्या."

टोणपेंनी तेही लिहून घेतलं. खाली स्वतः सही केली. लबाडी त्यांच्या रक्तात नाही.

कुंड्यांच्या दाव्याचं म्हणाल, तर त्यांची गाठ नीताशी होती. एकवीस दिवसांतले अठरा दिवस ती गप्प बसली. मग त्यांचंच पुस्तक दोन दिवस मागून आणलं आणि विसाव्या दिवशी उत्तर दिलं : 'काका, नियम चारप्रमाणे तुम्ही आधी टपालाने विनंती केली असतीत, तर मी समन्स आपणहून मान्य केलं असतं. तुमचा हेलपाटा वाचला असता आणि मला एकवीसऐवजी साठ दिवस मिळाले असते. कृपया पुन्हा पाठवावे.'

टोणपे उत्तर घेऊन धावत आले. मला वाटलं, आता भांडण. पण ते गहिवरले होते. "नीताताई, बरोबर आहे तुमचं! मुळात वादीने स्वतः बजावायचंच नव्हतं, हे मीच विसरलो. साठ दिवस!" त्यांनी कागद नव्याने, टपालाने पाठवला. समोरच्या दारातून समोरच्या दारात यायला त्याला पाच दिवस लागले. कुंड्या जागच्या जागी राहिल्या. माझ्या घरात मी इतकी वर्षं एकही मुद्दा जिंकलेलो नाही, त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो. टोणपेंची एकुलती एक मुलगी मंजिरी अमेरिकेत ओहायोला असते. वय एकोणचाळीस. लग्न होऊन गेली, लग्न मोडलं, तिथेच राहिली. दिवसा एका दवाखान्यात काम आणि संध्याकाळी वकिलीचं कॉलेज. बाकी विषयांत ठीक, पण दिवाणी कामकाजाच्या नियमांत ती एकदा नापास झाली होती. आता दुसरी आणि शेवटची संधी. यात गेली तर कॉलेजातून नाव कमी.

आणि नापास कशी झाली, हे ऐका. प्रश्न असा होता, की प्रतिवादी घरी सापडत नाही, तर समन्स कसं बजावाल? मंजिरीने धडाधड लिहिलं : दोन पंच बोलवावेत, त्यांच्यासमक्ष समन्स दाराला चिकटवावं, पंचांच्या सह्या घ्याव्यात. परीक्षक बिचारा पंच म्हणजे कोण, इथेच अडला असणार. मुलांना झोपताना राजाराणीच्या गोष्टी सांगतात. मंजिरीला टोणपेंनी बजावणीच्या सांगितल्या होत्या. वेळ थोडा, घाबरगुंडी मोठी, अशा वेळी जे आतून येतं ते आलं.

"चार मार्कांनी गेली," टोणपे मला म्हणाले होते. "आणि तो प्रश्न दहाचा. माझ्या त्या दोन पंचांनी माझी पोरगी नापास केली, शेवाळे."

त्यानंतर त्यांनी अमेरिका हा विषय हाती घेतला. दर शनिवारी संध्याकाळी मंजिरीचा फोन यायचा. ती विचारायची, हे सांगायचे. कधी हे विचारायचे आणि ती सांगायची. जिन्यात आवाज यायचा : "चूक! सुट्टीचे दिवस मधे आले तर मोजायचे. शेवटचा दिवस सुट्टीचा असेल तरच पुढे ढकलायचा. पुन्हा सांग!" नीता म्हणायची, बापलेकीचं काय जमतं बघा. मी 'हो' म्हणायचो. आमचा चिरंजीव बेंगळुरूहून फोन करतो तेव्हा मी त्याला 'पाऊस आहे का' विचारतो आणि फोन त्याच्या आईकडे देतो.

डिसेंबरातल्या एका शनिवारी तो पेपर होता. तिकडे सकाळी आठ, म्हणजे आपल्याकडे साडेसहा संध्याकाळचे. सहा वाजता टोणपे दारात. "दोन तास मोकळे असाल तर जरा पंच म्हणून बसायला याल का?"

"पंच कशाला? अमेरिकेत लागत नाहीत ना?"

"मला लागतात," ते म्हणाले.

मी गेलो. टेबलावर ते खाकी पुस्तक, शेजारी एक कागद. कागदावर मंजिरीला पेपर झाल्यावर विचारायचे प्रश्न, क्रमांक घालून. पहिला : बजावणीवर विचारलं का? बरोबर साडेसहाला टोणपे ताठ बसले, जणू पर्यवेक्षक फिरतोय. सात वाजता त्यांनी मला नियम विचारायला सांगितलं. मी पुस्तक उघडून कुठूनही विचारत गेलो, ते सांगत गेले. एकही चुकला नाही. मग मीच कंटाळून म्हणालो, "काका, ही परीक्षा तुम्ही दिली असती तर पहिले आला असता."

ते हसले नाहीत. "सोपं आहे हो. ती विचारणार, मी सांगणार. पुस्तकात असतं सगळं."

मग टेबलाकडे बघत ते बोलायला लागले. चार वर्षांपूर्वी मंजिरी इथे आली होती, आठवतं? अकरा दिवस होती. त्यातच तिकडच्या वकिलाचा लिफाफा कुरिअरने इथे आला. नवऱ्याने घटस्फोट मागितला होता. दार टोणपेंनी उघडलं होतं.

"मी काय केलं सांगू? लिफाफा तिच्यापुढे धरला. म्हटलं, नाव बरोबर आहे का बघ. मग पेन दिलं. म्हटलं, मिळाल्याची तारीख टाकून ठेव, पुढे उपयोगी पडते." टोणपेंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एवढंच. चौतीस वर्षांत कोणाच्या दारात थांबायची सवय नव्हती ना. कागद दिला, की जिना उतरायचा. ती सही करून आत गेली. चार दिवसांनी विमानात बसवून आलो. त्यानंतर तीन वर्षं आमचं बोलणं काय? जेवलीस? हो. थंडी आहे? आहे. मग एका शनिवारी तिनेच फोनवर विचारलं, बाबा, समन्स म्हणजे नेमकं काय असतं हो? एवढी मोठी वकिलीची विद्यार्थिनी, तिला काय ते माहीत नव्हतं?"

मी म्हणालो, "चहा टाकू?" माझी उडी तेवढीच.

साडेआठला पेपर संपला. आठ पस्तीसला फोन वाजला. टोणपे दाराशेजारच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी प्रश्नांचा कागद हातात घेतला, चष्मा लावला, फोन कानाला धरला.

"हं, मंजू. झालं का?"

पलीकडून काहीतरी आलं. टोणपेंनी कागदावरच्या पहिल्या प्रश्नावर बोट ठेवलं. मग कागद पालथा घातला.

"मंजू, तेव्हा तू इथे आलीस ना, तो लिफाफा आला तेव्हा... काय झालं होतं गं तुमचं? मी विचारलंच नाही कधी."

पलीकडे इतकी शांतता झाली, की फोन तुटला असं मला वाटलं. टोणपे एरवी अर्ध्या सेकंदात 'हॅलो, हॅलो' करणारा माणूस. आज तसेच बसून राहिले. मग फोनमधून हळू आवाज यायला लागला, आणि येतच राहिला.

आता माझी पंचाईत. असं ऐकत बसणं बरं नाही, आणि बाहेर जायचं तर त्यांची खुर्ची दाराला अडून. तेव्हा मी पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेलो. तिथे सिंकमध्ये त्यांची दोन वेळची भांडी पडली होती. नुसतं उभं राहायला लाज वाटली म्हणून नळाची बारीक धार सोडून, आवाज न करता घासायला घेतली. नीताला हे भाग्य लग्नापासून लाभलेलं नाही. बाहेरून मधूनमधून टोणपेंचं "हं" ऐकू येत होतं. नियम नाही, चूक-बरोबर नाही. एकदा फक्त, "अगं मग मला का नाही..." एवढं म्हणून थांबले, आणि पुन्हा "हं".

ताटं झाली, पेले झाले, कुकर झाला. झालेले पेले पुन्हा घासले. पाऊणेक तासाने टोणपे स्वयंपाकघराच्या दारात आले. नाक लाल. खांद्यावरच्या पंच्याने त्यांनी तोंड पुसलं, ओट्यावर पालथ्या घातलेल्या भांड्यांची पाहणी केली.

"कढई राहिली," ते म्हणाले.

"घासतो. पेपर कसा गेला म्हणाली?"

टोणपेंनी माझ्या हातातली घासणी घेतली, कढई पुढे ओढली, आणि घासता घासता म्हणाले,

"अहो, ते विचारायचंच राहिलं."