जागल्याचा वारस

एका जंगलात, मुलांनो, मोबाइलचं नेटवर्क आलं आणि पाठोपाठ अक्कल गेली. नीट बसा, चुळबुळ नको.

तिथल्या हरणांच्या कळपाला गुणाजी नावाचा म्हातारा वानर जागल्या होता. सागाच्या शेंड्यावर बसायचा आणि बिबट्या दिसला की खच्चून ओरडायचा. हरणं पळायची, जगायची. पण आता त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता.

"माझ्या जागी मंजुळेला बसवा," तो कळपाच्या म्होरक्याला, शिंगरावांना म्हणाला. "पोरीची नजर तिखट आहे. दोन वर्षं माझ्याशेजारी बसतेय."

"असं तोंडी कसं चालेल, काका? आता अ‍ॅप आहे. वारस तेच निवडतं. शास्त्रशुद्ध!"

दुसरा उमेदवार होता मंजुळेचा चुलतभाऊ रंगनाथ. हा झाडावर चढतच नसे, कारण रेंज बुंध्याशीच मिळे. त्याने फोटो टाकला, नेतृत्वगुणांत स्वतःला दहापैकी दहा दिले. मंजुळा शेंड्यावर पहारा करत होती. अ‍ॅपने तिच्या नावापुढे 'निष्क्रिय' असं लिहिलं.

मग अ‍ॅपने सर्व संबंधितांची मतं मागवली. हरणं 'नंतर बघू' म्हणत चरत राहिली. मत दिलं एकट्या बिबट्याने. तोही संबंधितच की! मंजुळेबद्दल त्याने लिहिलं, 'उगाच आरडाओरडा करते. कामात व्यत्यय येतो.' रंगनाथबद्दल लिहिलं, 'शांत, समंजस. खूप पुढे जाईल.'

रंगनाथची नेमणूक झाली. मंजुळेची बदली बोरं वेचायला.

भागी नावाची हरिणी धावत आली. "साहेब, माझं पाडस आठ दिवसांचं आहे हो. त्याला अजून धड पळताही येत नाही. मंजुळेलाच ठेवा ना."

"बाई, असे निर्णय भावनेच्या भरात होत नसतात," शिंगराव म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी बिबट्या आला. रंगनाथला तो दिसलाही. पण ओरडलं तर चांगला शेरा जाईल! त्याने ग्रुपवर मेसेज टाकला. भागी तेव्हा पाडसाला पाजत होती. बिबट्याने पाडस उचललं.

"त्याला दिसला होता, मग ओरडला का नाही?" भागीने रडत विचारलं.

शिंगरावांनी मोबाइल पाहिला. "मेसेज वेळेत आलाय. तुम्ही वाचला नाहीत."

कळपाला ते पटलं. आता प्रत्येक हरणाकडे मोबाइल आहे. सगळी माना खाली घालून मेसेजची वाट बघतात. भागी तर क्षणभरही मान वर करत नाही.

तात्पर्य: धोका ओळखणाऱ्याला कधी वर बसवू नये, तो फार ओरडतो. ज्याच्याविषयी बिबट्याचीही तक्रार नाही, तोच त्या जागेला शोभतो.